एक चूल, एक काठी

भाद्रपदात गवताचा भारा डोक्यावर घेऊन मी बांधावरून येत होते. बांध शेवाळलेला. पाय सटकला, भारा गेला एकीकडे आणि मी गेले खाचरात, तीही नेमकी उजव्या हातावर. खांद्यात कट्‌ असा आवाज झाला. मला वाटलं भाऱ्यातली काठी मोडली. पण भाऱ्यात काठी नव्हतीच.

पुढचं सगळं आपल्याकडे होतं तसंच झालं. आधी शेक, मग घरचं तेल, मग शेजारणीचं तेल, मग शहापूरला जाऊन फोटो, आणि शेवटी कल्याणच्या मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन. खांद्याच्या स्नायूची दोरी तुटली होती, ती डॉक्टरांनी पुन्हा हाडाला शिवली. शुद्ध आली तेव्हा हात गळ्यातल्या झोळीत होता आणि डॉक्टर समोर उभे होते.

मी विचारलं, "डॉक्टर, पौषात मॅच आहे. खेळता येईल ना?"

डॉक्टर आमच्या ह्यांच्याकडे बघून म्हणाले, "भूल अजून पुरती उतरली नाही वाटतं."

"उतरली आहे," हे म्हणाले. "ती गोल्फ खेळते."

डॉक्टरांनी मला पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं. कपाळावर गोंदण, नाकात चमकी, टाचांना भेगा. मग म्हणाले, "उजवा हात झोळीतून बाहेर काढून काठी मारलीत, तर पुन्हा माझ्याकडे येऊ नका. डाव्या हाताचं तुमचं तुम्ही बघा." बास, मला एवढंच ऐकायचं होतं.

आता हे गोल्फचं प्रकरण सांगायलाच हवं, नाहीतर तुम्हीही डॉक्टरांसारखे बघत बसाल. आमचं गाव शेणव्याच्या पुढे, मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या अंगाला. बऱ्याच वर्षांपूर्वी मुंबईच्या कुणा मंडळींनी गावाच्या वरची खाचरं विकत घेतली आणि तिथे गोल्फचं मैदान केलं. आमचंही एक खाचर त्यात गेलं. ज्यांची जमीन गेली त्यांच्या घरच्या माणसांना मैदानात काम मिळालं. बायकांना खुरपणी. उकिडवं बसून हिरवळीतलं तण वेचायचं आणि साहेबलोकांचे चेंडू डोक्यावरून जाऊ द्यायचे. वर्षानुवर्षं असं बसल्यावर माणसाला एक दिवस वाटतंच, की ह्याच्यापेक्षा मी बरं मारीन. मला पहिल्याच वर्षी वाटलं होतं.

जमीन देताना आमच्या गावकीने एक अट घातली होती. पौषात, भात झोडून घरात आलं, की एक दिवस मैदान गावाचं. त्या दिवशी गावची माणसं खेळणार आणि मैदानवाले बक्षीस देणार. सुरुवातीला गंमत म्हणून सगळे गेले आणि मग खेळाने अशी मानगूट धरली की आता आमच्याकडे लग्नाची तारीखसुद्धा मॅच बघून काढतात. चेंडू जिच्यात घालायचा तिला आम्ही गल म्हणतो, गोट्यांची असते तशी. गलीभोवतीची बारीक कापलेली जागा म्हणजे खळं, कारण ती भात झोडायच्या खळ्यासारखीच सारवलेली दिसते. बाकीचे इंग्रजी शब्द साहेबांकडेच राहिलेले बरे.

आणि एक नियम, ज्याच्यावर हे सगळं रामायण घडलं. गावकीत वर्गणी चुलीमागे घेतात. तसाच खेळणाराही चुलीमागे एकच. एक चूल, एक माणूस. आमच्या घरात सासूबाई, हे, मी, धाकटे दीर आणि जाऊ, पण चूल एकच. हे भातसानगरला धरणावर नोकरीला. त्यांना चेंडूच्या मागे चालत जायचं म्हणजे शिक्षा वाटते. भावजी तेव्हा भिवंडीच्या गोदामात कामाला होते. म्हणून घरची जागा माझ्याकडे आली. मग भावजी गावी परतले, मैदानात गवत कापायच्या मशीनवर लागले आणि संध्याकाळी काठी मारायला शिकले. असा मारतात, की मेला तो चेंडू वर जातो आणि खाली यायचं विसरतो. सगळं गाव म्हणायला लागलं, ह्या घराने धाकट्याला उतरवावं. पण जागा माझी होती आणि मागल्या वर्षी माझा दुसरा नंबर होता. कोण काय बोलणार?

आता खांदाच गेल्यावर सगळ्यांना तोंड फुटलं.

दवाखान्यातून घरी आले त्याच रात्री जेवताना सासूबाई म्हणाल्या, "यंदा धाकट्याला जाऊ दे गो. तुझा हात बरा झाला की बघू."

भावजी ताटात बघत होते. भाजीत असं काय सापडलं होतं त्यांना कोण जाणे.

मी म्हटलं, "आई, भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी. एकदा भावजी उतरले आणि जिंकून आले, की पुढल्या वर्षी मला कोण पाठवतंय?"

"मग एका हातानं खेळणार हायस?"

"एका हातानं खेळणार."

हे म्हणाले, "अगं, जेव तरी दोन घास." मला भरवत होती ती जाऊच, कारण डाव्या हाताने भात खायची अजून सवय झाली नव्हती. तिचा घास हातात तसाच राहिला.

खरं सांगते, मला त्या रात्री रडूच येत होतं. एकत्र घरात सगळं सगळ्यांचं असतं. भांडी, कपाट, म्हैस, सण, आजारपण. माझं म्हणून काय होतं? ती एक जागा. वर्षातला एक दिवस कुणी मला ह्यांची बायको म्हणत नाही, त्यांची सून म्हणत नाही. सगळं गाव गप्प उभं असतं आणि कुणीतरी म्हणतं, "आता हिची पाळी." एवढं मी कुणाला देणार नव्हते. भावजींना तर नाहीच, कारण ते खरोखर चांगले खेळतात.

सासूबाईंनी पाणी प्यायलं, भांडं खाली ठेवलं आणि निकाल दिला. "ठीक हाय. नंबरात आलीस तर जागा तुझी, मरेपत्तोर. नाय आलीस तर धाकट्याची. मग रडायचं नाय." नंबरात म्हणजे पहिल्या तिनात. आमच्या घरात सासूबाई एकदा बोलल्या की हायकोर्टसुद्धा फिरवू शकत नाही.

"पन वयनी," भावजी पहिल्यांदाच बोलले, "तुमची पिशवी कोन उचलेल?"

"तुम्ही."

"मी?"

"मग काय माझ्या बापाला बोलावू मुरबाडहून?"

असं ठरलं. मी हरले तर ज्यांना जागा मिळणार, तेच माझ्या काठ्या वाहणार. जाऊ तोंडाला पदर लावून हसत होती.

ठरवणं सोपं होतं. पहिल्या दिवशी घरामागच्या पडीत गेले, डाव्या हातात काठी धरली आणि दात-ओठ खाऊन मारली. चेंडू जागचा हलला नाही. मातीचं एक ढेकूळ मात्र उडून म्हशीला लागलं. दुसऱ्या दिवशी चेंडू हलला, जेमतेम कोंबडीइतकं अंतर चालला. जितका जोर लावावा तितकी काठी हातात फिरायची. मनगट सुजलं. शहापूरला व्यायाम करून घेणारी मुलगी होती, ती उजवा खांदा हळूहळू वर करून घ्यायची. ती म्हणाली, "काकू, एक हात गेला म्हणून इथे आलात, आता दुसरा घेऊन येणार का?" मी तिच्यावर डाफरले आणि मग तिचीच माफी मागितली. दिवाळी झाली, भातं कापून झाली, तरी माझा चेंडू पडीबाहेर जाईना. भावजी रोज मशीनवरून येताना बघायचे आणि काही न बोलता आत जायचे. ते काही बोलले असते तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं.

अंगणात सडा टाकायचं काम माझं. ऑपरेशननंतर ते जावेकडे गेलं होतं. बाकी सगळं छान करते ती, पण तिचा सडा म्हणजे इथे डबकं, तिथे कोरडं. एका सकाळी मला ते बघवेना. बादली जमिनीवर ठेवली आणि डाव्या हाताने शेणपाणी घेतलं. पहिला हबका जोरात मारला, तो सगळा माझ्याच पायावर. चरफडले. मग म्हटलं, जाऊ दे, पडेल तिथे पडेल, आणि हात सैल सोडून नुसती कंबर फिरवली. पाणी आपणहून सुटलं आणि पार तुळशीपर्यंत एकसारखं पसरलं. मी तशीच उभी राहिले. पुन्हा केलं, पुन्हा तसंच. उजव्या कुशीकडून निघायचं, डावीकडे वळत जायचं, हाताने काही करायचंच नाही, फक्त सोबत जायचं. अगं बाई, म्हटलं, हेच की!

बादली तिथेच टाकून पडीत पळाले. शेणाच्या हातानेच काठी धरली आणि चेंडूवर सडा टाकला. टक्‌ करून आवाज आला. तो आवाज कानाला लागतो तेव्हा हाताला काहीच लागत नाही, हे खेळणाऱ्याला सांगायला नको. चेंडू पड ओलांडून शेजाऱ्यांच्या वालाच्या शेतात गेला. लांब नाही, पण सरळ. मी इतक्या मोठ्याने ओरडले की सासूबाईंना वाटलं साप निघाला.

त्या दिवसापासून आमच्या अंगणात दिवसातून चार वेळा सडा पडायला लागला. "अगो, सडा टाकतेस का भुतं हाकलतेस?" सासूबाई म्हणायच्या. शेजारणीच्या वाळत घातलेल्या पापडांवर एकदा शिंतोडे गेले, त्याचं भांडण संक्रांतीपर्यंत पुरलं.

मॅचच्या सकाळी सासूबाईंनी माझी वेणी घातली. एका हाताने वेणी घालता येत नाही, त्यामुळे हे काम महिनोन्‌महिने त्यांच्याकडेच होतं आणि रोज त्या माझ्यावरचा राग केसांवर काढायच्या. त्या दिवशी तर इतकी घट्ट घातली की माझे डोळे ताणले गेले. "सुटून तोंडावर यायला नको," एवढंच म्हणाल्या. झोळी एव्हाना निघाली होती, पण मॅचपुरती घालायची ही डॉक्टरांची अट. मी पंजाबी ड्रेसवर झोळी चढवली आणि हात हलू नये म्हणून वरून ओढणीने पोटाशी बांधून टाकला.

दोघादोघांच्या जोड्या करतात. माझ्या जोडीला खालच्या आळीचा पोल्ट्रीवाला आला. तगडा गडी, तोंडाने सैल, मनाने वाईट नाही. मला बघून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "वयनी, एका हातानं टाळी वाजत नाय!"

"टाळी नाय वाजत," मी म्हटलं. "थोबाडीत वाजते."

लोक हसले. पहिल्या गलीवर काठी धरली. डोळे मिटून तुळस आठवली, अंगण आठवलं, आणि सोडलं. टक्‌. सरळ. पोल्ट्रीवाल्याचा चेंडू माझ्या दुप्पट लांब गेला, पण झाडीत. मी दोन फटक्यांत जिथे पोचले तिथे तोही दोन फटक्यांतच पोचला. पुढे तसंच चाललं. तो आकाशातून जायचा, मी जमिनीवरून. तो शोधायचा, मी चालायची. खळ्यावर तर एक हात आणि दोन हात सारखेच, तिथे जोर लागतोच कुठे?

भावजी पिशवी घेऊन मागे. काठी मागितली की द्यायचे, बाकी गप्प. पाचव्या गलीवर मी हात पुढे केला तर म्हणाले, "वयनी, ही नको. वाळूत जाल. ती छोटी घ्या, आलीकडंच ठेवा."

माझ्या डोक्यात लगेच किडा वळवळला. बरोबर आहे, म्हटलं, मी मागे राहिले तर ह्यांचंच भलं. "तुमची अक्कल तुमच्याकडे ठेवा," मी म्हणाले आणि मोठी काठी ओढून घेतली. चेंडू थेट वाळूच्या खड्ड्यात. एका हाताने वाळूतून चेंडू काढायचा म्हणजे खिरीतून शेवई एका बोटाने काढण्यातला प्रकार. तीन फटके गेले. भावजींनी खड्डा निमूट फावड्याने सारखा केला. मला म्हणावंसं वाटलं होतं, "बोला ना, बोला!" पण ते बोलले नाहीत आणि मीही पुढचे दोन खेळ त्यांच्याकडे न बघता खेळले. आठव्या गलीपासून मात्र ते देतील ती काठी घेतली.

नवव्या आणि शेवटच्या गलीवर आलो तेव्हा पुढचे सगळे खेळून खळ्याशी बसले होते. ते ओरडून सांगत होते, पहिला आणि दुसरा नंबर ठरल्यात जमा. राहिला तिसरा. तो पोल्ट्रीवाल्यात आणि माझ्यात. दोघांचे फटके सारखे. सासूबाई आणि जाऊ बांधावर उभ्या होत्या. मरेपर्यंत तरी, नाहीतर कधीच नाही.

नवव्या गलीच्या वाटेत वाघोबाचं रान आहे. ऐन, किंजळ, दोन म्हातारे आंबे, मधोमध शेंदूर लावलेला वाघोबा आणि भोवताली मांडलेले दगड. मैदान करणाऱ्यांनीसुद्धा तिथे हात लावला नाही. दगडांच्या आत चप्पल जात नाही आणि आत पडलेलं बाहेर येत नाही. आंबा असो, वाळलेली फांदी असो की चेंडू असो. देवाचं ते देवाचं. साहेबलोकही हे पाळतात. चेंडू आत गेला, तर हात जोडायचे, दुसरा चेंडू घेऊन पहिल्या जागेवरून मारायचा, आणि वर एक फटका दंड. त्यामुळे शहाणा माणूस रानाला वळसा घालून जातो. ज्याच्या अंगात रग आहे तो रानावरून मारतो.

पोल्ट्रीवाल्याने रानाकडे बघितलं, माझ्या झोळीकडे बघितलं. एका हाताच्या बाईबरोबर तो वळसा घालून जाणार होता थोडाच! घुमवून मारला. चेंडू आंब्याच्या शेंड्याला लागला आणि खडखडत रानात उतरला. देवाला गेला. त्याने कानाला हात लावला, दुसरा चेंडू काढला आणि या खेपेला मुकाट्याने वळशाने मारला. दंड धरून खळ्यावर पोचेस्तोवर त्याचे चार झाले. आणखी दोनांत त्याने चेंडू गलीत टाकला. सहा.

मी वळशानेच निघाले होते. एक, सरळ. दोन, सरळ. तिसरा मारताना घाई केली, आणि चेंडू ऐनाच्या मुळाला लागून उडाला, तो रानाच्या दगडांकडेच. गवतात कुठे थांबला ते माझ्या जागेवरून दिसेना.

भावजींनी पिशवी खाली ठेवली. चपला काढल्या. दगडांपाशी गेले, हात जोडले आणि वाकले. बराच वेळ वाकलेलेच. "आत हाय" एवढे दोन शब्द त्यांनी म्हटले की खेळ खलास, आणि पुढल्या वर्षी ह्या जागेवर ते. तपासायला कोण जाणार होतं? मीसुद्धा गेले नसते.

ते उभे राहिले. "भायेर हाय," म्हणाले. "येवढाच," आणि दोन बोटांत चिमूटभर अंतर धरून दाखवलं.

"नीट बघ रे!" पोल्ट्रीवाला ओरडला.

"वाघोबासमोर उभा हाय मी. तू ये, काढ चपला, तूच बघ."

पोल्ट्रीवाला आला, चपला काढून वाकला, डोकं खाजवलं. "भायेरच हाय," म्हणाला. मग माझ्याकडे बघून, "मारा वयनी, देवानंच सोडलाय."

मी अनवाणी उभी राहिले. छोटी काठी घेतली. कंबर वळवायला जागा नव्हती, म्हणून अर्धाच हबका सोडला, उंबऱ्यापुढे टाकतात तेवढा. चेंडू टुणकन उठला आणि खळ्याच्या काठावर जाऊन बसला. चार झाले. आता हा एक आत गेला तर पाच. नाही गेला तर बरोबरी, आणि बरोबरी म्हणजे पुन्हा खेळा. माझ्या मनगटात पुन्हा खेळण्याइतका जीव उरला नव्हता.

गल लांब होती. बघणाऱ्याला जमीन सपाट, किंबहुना जराशी डावीकडे उतरती वाटत होती. म्हणून मी उजवीकडे नेम धरला. तेव्हा भावजी मागून हळूच म्हणाले, "वयनी, पानी आठवा."

आणि मला एकदम आठवलं. हे खळं म्हणजे आमचं खाचर. इथेच लावणीला मी आणि भावजी शेजारी शेजारी वाकायचो. भरलं की पाणी कुठे फोडायचो? उजवीकडे, रानाच्या अंगाला. वरून माती घातली, गवत लावलं, तरी पावसाचं पाणी जायला उतार तोच ठेवावा लागला होता. मी पाय बदलले आणि नेम पार उलट्या बाजूला धरला. बघणाऱ्यांत कुणीतरी "अरे रे" म्हणालं. चेंडू निघाला, गलीला सोडून भलतीकडेच चालला, मग मंदावला, वळला, आणि पाणी जायचं तसा रमतगमत उजवीकडे उतरत गलीत पडला.

मी ओरडले की नाही आठवत नाही. लोक सांगतात, मी काठी फेकली, ती पोल्ट्रीवाल्याच्या नडगीला लागली. लागली असेल. मला एवढं आठवतं की सगळं गाव टाळ्या वाजवत होतं आणि मी हमसाहमशी रडत होते. सासूबाई बांधावरून उतरून आल्या, आधी झोळीची गाठ सारखी केली आणि मग म्हणाल्या, "मरेपत्तोर बोलले होते मी. आता मोडता येत नाय." आणि माझ्या पाठीवर अशी थाप मारली की डॉक्टरांनी बघितलं असतं तर घेरीच आली असती.

तिसरं बक्षीस कुकर होता. दुसऱ्या नंबराच्या वर्षी मला भिंतीवरचं घड्याळ मिळालं होतं, त्याच्याकडे मी दोनदा बघितलं नव्हतं. हा कुकर मी डाव्या काखेत मारून गावभर मिरवत घरी आणला.

वाटेत भावजींना विचारलं, "आत आहे म्हणाला असतात तर?"

"मंग रोज मशीन घेऊन वाघोबासमोरनं कसा गेलो असतो?" ते म्हणाले. "आन्‌ तुमी मला घरात कसं नांदू दिलं असतं?"

आता मी काय देवी नाही, की त्यांच्या चांगुलपणाने विरघळून जागा देऊन टाकीन. जागा माझी होती, घामाने मिळवलेली. पण दोन-चार दिवस घास गोड लागेना. आणि दुसरंही एक होतं, ते सरळच सांगते. मला भावजींना हरवायचं होतं. गाव म्हणतं ना, धाकटा जास्त चांगला? मग होऊन जाऊ दे. पण एका चुलीवरची दोन माणसं एकमेकांसमोर उतरणार कशी?

एका रात्री जेवताना मी म्हटलं, "आई, आपण चूल वेगळी करू."

ह्यांच्या हातातली भाकरी ताटात पडली. जावेचे डोळे भरून आले, तिला वाटलं तिचंच काही चुकलं. सासूबाई थंडपणे म्हणाल्या, "काय झालं गो? भाऊ भांडले का?"

"कुणी भांडलं नाही. एक चूल, एक माणूस. दोन चुली, दोन माणसं."

पहिल्यांदा भावजींना कळलं. त्यांनी तोंडात घास असतानाच हसायला सुरुवात केली आणि त्यांना ठसका लागला. सासूबाईंना मात्र वेळ लागला. त्यांनी सगळा जन्म ही एक चूल फुटू दिली नव्हती. नंतर बराच वेळ त्या पानाला चुना लावत बसल्या. शेवटी म्हणाल्या, "वर्गणी डबल पडेल." म्हणजे हो.

मागच्या पडवीत मी आणि जावेने चूल घातली. मी डाव्या हाताने माती मळली, तिने थापली. दुसऱ्या दिवसापासून गावभर झालं, भाऊ वेगळे झाले. बायका एकेक करून समजूत घालायला यायला लागल्या. "काय झालं गो? जमिनीवरनं का?" एक म्हातारी तर रडलीच. आम्ही दोघी खरं कारण सांगायचो, तर कुणाला पटायचं नाही. चेंडूपायी कुणी चूल मोडतं का? पोल्ट्रीवाला ह्यांना बाजूला घेऊन म्हणाला, "दादा, सबुरीनं घ्या, भाऊ पुन्ना मिळत नाय."

मग गावकीची चार माणसं चूल बघायला आली. नुसती घातलेली चूल चालत नाही, तिच्यावर शिजायला हवं, हे त्यांचं बरोबरच होतं. जावेने माझा तिसऱ्या नंबराचा कुकर त्या चुलीवर चढवला. त्याने तीन शिट्ट्या दिल्या. सासूबाईंनी दोन्ही चुलींवर वेगवेगळा चहा केला आणि चारही माणसांना दोन्ही प्यायला लावले. गावकीने मान डोलावली. ती माणसं गेल्यावर आम्ही सगळे एकाच पंगतीला जेवायला बसलो, नेहमीसारखेच. दोन्हीकडचं सगळ्यांना वाढलं.

उन्हाळ्यात माझा हात डोक्यापर्यंत गेला. पावसाळ्यात लावणी केली, जपून. दसऱ्याला स्वतःची वेणी स्वतः घातली आणि सासूबाई उगीचच दिवसभर फुरंगटून बसल्या. डॉक्टरांनी शेवटचं तपासलं तेव्हा आपणहून विचारलं, "मॅचचं काय झालं?" मी सांगितलं. त्यांनी खुर्चीवरून उठून हात पुढे केला. मी त्यांना मुद्दाम उजवा दिला.

पौषात पुन्हा मॅच आली. त्या सकाळी भावजी त्यांची पिशवी घेऊन त्यांच्या चुलीकडून निघाले, मी माझी घेऊन माझ्या चुलीकडून. मी ती उजव्या खांद्यावर घेतली होती. "वयनी, आज चेंडू कुठं पडला ते मला इचारू नका," ते म्हणाले. मी म्हटलं, "तुम्ही आपलं पाणी आठवा."

मी दुसरी आले. तिसरा कोण, ते भावजींना विचारा. त्यांनी माझा कुकर घासूनपुसून परत केला आहे. त्यांच्या चुलीवर आता त्यांचा स्वतःचा आहे.